रविवारी बसणारी गाडी

एतुआलेचं गॅरेज म्हणजे एक नीरफणसाचं झाड. भिंत नाही, दार नाही, पाटी नाही. खाली बसच्या जुन्या सीटचा बाक, तेलाचे चार डबे, आणि वरच्या जाड फांदीला टांगलेली साखळी. फालेतोआ गावातलं जवळपास प्रत्येक इंजिन आयुष्यात एकदा तरी त्या साखळीला लटकलेलं होतं. फणस पिकले की धपाधप गाड्यांवर पडायचे, टपाला पोचे यायचे, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की एतुआले म्हणायचा, "सावलीचे पैसे घेतो का मी? मग फणसाचं कशाला बोलतोस?"

एरवी नाकासमोर चालणारा माणूस. देवळात डीकन, म्हणजे पहिल्या रांगेत बसून पाळकांना हवं-नको बघणारा. पण गाडीचा विषय निघाला की महाहट्टी. ऑकलंडच्या बसडेपोत त्याने सतरा वर्षं बसच्या पोटाखाली काढली होती. आई थकली तेव्हा सगळं सोडून सामोआतल्या सवाई बेटावर, गावी परत आला, तो हत्यारांच्या तीन पेट्या घेऊन. त्यावरून त्याची बायको मोएलागी अजून टोमणे मारते. "लोकांचे नवरे परदेशातून फ्रीज आणतात, माझ्याने पाने आणले."

गावाने पाळकांना गाडी द्यायची ठरवली तेव्हा ती निवडायला एतुआलेशिवाय पाठवणार कोणाला? ऑकलंड-सिडनीला गेलेल्या लेकरांनी पैसे धाडले आणि एतुआले ऑकलंडला जाऊन एक काळी जर्मन गाडी घेऊन आला. वय वीस वर्षं, पण आत चामड्याच्या सीटा, लाकडी पट्ट्या, आणि दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. तिला स्प्रिंगा नव्हत्या. चारही चाकांवर जाड रबरी फुगे, त्यात एक छोटा कॉम्प्रेसर हवा भरणार, आणि गाडी त्या हवेवर उभी राहणार.

गावसभेत त्यावरून वाजलं होतं. सालेगा उभा राहिला. सालेगा म्हणजे गावाचा वक्ता. सभेत गावाच्या वतीने बोलायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि मान नसता तरी तो बोललाच असता.

"हवेवर उभी राहणारी गाडी?" तो म्हणाला. "हवेचा काय भरवसा?"

"हवेचा नको, माझा धरा," एतुआले म्हणाला. "सतरा वर्षं हेच फुगे बदलत होतो मी. ही गाडी बसली, तर गावातल्या एकाही गाडीला मी हात लावणार नाही."

शहाण्या माणसाने भरसभेत असं बोलू नये. बोलला खरा.

दोन महिने गाडी राणीसारखी चालली. पाळकांचं घर देवळापासून शंभर पावलांवर, पण गावाने एवढी गाडी दिल्यावर चालत येणं बरं दिसलं नसतं. म्हणून दर रविवारी पाळक इओसेफो आणि पाळकीणबाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीत बसायचे, शंभर पावलं गाडी यायची, देवळाच्या बाजूला उभी राहायची. आणि एका रविवारी प्रार्थना आटोपून सगळे बाहेर येतात, तो गाडी मागून खाली बसलेली. नाक आभाळाकडे, बूड गवतात, बसलेल्या कुत्र्यासारखी. पाळक बसले, गाडी सुरू केली, आणि वाटेतल्या पोवळ्याच्या दगडांवर खर्र खर्र घासत ती घरी गेली.

सोमवारी सकाळी गाडी नीरफणसाखाली आली तेव्हा ताठ उभी.

एतुआलेने साबणाचं पाणी करून चारही फुग्यांवर, प्रत्येक नळीवर, प्रत्येक जोडावर मारलं. हवा गळत असती तर बुडबुडे यायला हवे होते. एक आला नाही. कॉम्प्रेसर उघडून बघितला, ठणठणीत. रिले बदलला. व्हॉल्व्हचा ठोकळा सोडवून पुसून परत बसवला. मग मोएलागीच्या खराट्याची एक काडी मोडून घेतली, चाक आणि मडगार्डमधल्या फटीत उभी धरली, नखाने खूण केली. मंगळवारी फट तेवढीच. बुधवारी तेवढीच. शनिवारी संध्याकाळीही काडी खुणेपर्यंत बरोबर बसली.

रविवारी गाडी बसली.

असं सलग पाच रविवार. एतुआलेने पुढचे सेन्सर बदलले, मागचे बदलले. गाडी चढावर उभी करून पाहिली, उतारावर पाहिली, अख्खी रात्र भर पावसात उभी ठेवली. सोमवार ते शनिवार तिच्यासारखी गुणी गाडी नाही. रविवार आला की लोळण. मोएलागीच्या खराट्यात आता मूठभर काड्या उरल्या होत्या.

"झाडू काय मी, नुसत्या मुठीने?" ती म्हणाली.

"काडी मोजमापाची आहे. तिला हात लावू नकोस."

"तिला नाही लावत. तू खराट्याला लावू नकोस."

बरं, रोग रविवारचा, तर रविवारीच तपासावा ना? तिथेच तर सगळं अडलं होतं. फालेतोआत रविवारी काम म्हणजे काम नाही. पहाटे भट्टीचे दगड तापवून जेवण लावायचं, तेवढी सूट. त्यानंतर कोयता, करवत, पाना, कशालाही हात लागला की गावसभेचा दंड. देवळात जायचं, पोटभर जेवायचं, आणि ताणून द्यायची. शिवाय डीकन पहिल्या रांगेत. तिथून उठून जाणं म्हणजे पाळकांच्या तोंडावर जांभई दिल्यासारखं.

गावाला काय, आयतं मिळालं होतं. समुद्रावर जाळी टाकणारे म्हणायचे, एतुआलेने गाडी इतकी धार्मिक निवडली की ती रविवारी गुडघे टेकते. कोणी म्हणे, त्याला ऑकलंडच्या विकणाऱ्याने काहीतरी चारलं असणार. हे शेवटचं एतुआलेच्या काळजाला लागलं. तो दोन दिवस नीट जेवला नाही, आणि सामोअन माणूस जेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

मग सालेगाने सभेत विषय काढला. पंधरा दिवसांनी राजधानी अपियाहून थोरले पाळक येणार होते, देवळाच्या नव्या छपराला आशीर्वाद द्यायला. त्यांना याच गाडीतून न्यायचं ठरलेलं.

"त्यांच्यासमोर गाडी बसली तर गावाचं नाक त्या गवतात जाईल," सालेगा म्हणाला. "एतुआले, तू शब्द दिला होतास. त्या दिवशी ती बसली तर गाडी भंगारात, आणि तुझ्या झाडाखाली गावातली एकही गाडी येणार नाही. माझी पिकअप तर मी आजच बंदरावरच्या गॅरेजात टाकली."

त्या पिकअपचं इंजिन एतुआलेने चार वेळा त्या साखळीला टांगलं होतं.

हातात दोनच रविवार. पहिल्या रविवारी एतुआले कमरेला इस्त्रीची पांढरी लावालावा, म्हणजे लुंगी, वर पांढरा कोट, पांढरा टाय असा पहिल्या रांगेत बसला, पण कान सगळा खिडकीबाहेर. पहिलं स्तोत्र झालं, बाहेर शांत. दुसरं झालं, शांत. पाळक प्रवचनाला उभे राहिले, योनाला गिळणाऱ्या माशाच्या गोष्टीवर आले, आणि एतुआलेला बाहेरून बारीक आवाज आला. सापाने झोपेत उसासा टाकावा तसा.

तो उठला. पाळक माशाच्या पोटातच थांबले. तीनशे माणसांच्या हातातले पंखे थांबले. एतुआले मान खाली घालून, वाकत वाकत, मधल्या वाटेने थेट दाराबाहेर गेला. सालेगाची नजर त्याच्या पाठीत मेखेसारखी.

बाहेर गाडीची डिकी उघडी, आणि भोवती महिला मंडळाच्या सात-आठ बाया. सगळ्यात पुढे मोएलागी, कडेवर केळीच्या पानांत बांधलेलं भाजलेलं डुक्कर घेऊन. डिकीत तारोच्या कंदांच्या टोपल्या, नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांच्या पुरचुंड्या, डबाबंद मांसाची खोकी, आणखी दोन डुकरं.

"हे काय चाललंय?" एतुआलेने विचारलं.

"पाळकांचं जेवण," मोएलागी म्हणाली. "दर रविवारी असतं. तुला काय आजच कळलं?"

"ते पोरं खांद्यावर काठीला बांधून नेतात ना?"

"न्यायची. मग सालेगाच्या बायकोने एकदा आपलं डुक्कर गाडीत ठेवलं. तिचं डुक्कर गाडीतून जाणार आणि आमचं काठीवरून? म्हणून आता सगळ्यांचं गाडीतून जातं."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा रविवार."

"आणि गाडी खाली बसते हे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. जेवण ठेवलं की बसते, काढलं की उठते. त्यात काय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू माझा खराटा मोडत होतास."

एतुआलेने कपाळावर हात मारून घेतला. सोमवारी जेवण संपलेलं, डिकी रिकामी, गाडी ताठ. आणि तो बापडा रिकाम्या गाडीवर साबण फासत बसलेला. पाळकांना जेवण पोचतं हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. कसं पोचतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

आवाज अजून चालूच होता. आता हत्याराला हात लावायचा नाही, साबणाचं पाणी नाही. त्याने जेवणासोबतच्या एका शहाळ्याचं पाणी गालावर चोळलं, आणि पांढऱ्या कोटासकट, टायसकट गवतावर आडवा होऊन सरपटत गाडीखाली शिरला. ओला गाल डाव्या फुग्याजवळ नेला. काही नाही. उजव्याजवळ नेला, आणि गालाला गारेगार वारा लागला. वजनाने फुगा दबला होता, रबराला बाक आला होता, आणि त्या बाकावर करंगळीएवढी चीर होती. गाडी रिकामी असली की फुगा सरळ, बाक नाही, चीर मिटलेली. वजन पडलं की चीर तोंड उघडणार. ऑकलंडला त्याने अशा चिरा शेकड्यांनी पाहिल्या होत्या, पण बसच्या. बसमध्ये माणसं रोज बसतात, रविवारची वाट बघत नाहीत.

त्याला इतका आनंद झाला की तो तिथेच पडून हसायला लागला. नेमकं तेव्हाच देऊळ सुटलं, आणि तीनशे माणसांनी पाहिलं की डीकन एतुआले पाळकांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर काढून हसतोय.

सोमवारी गावसभा. सगळे मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, आपापल्या खांबाला टेकून मांडी घालून बसलेले. सालेगाच्या खांद्यावर वक्त्याच्या मानाचा काथ्याचा झुपका, हातात काठी.

"रविवारी काम केलंस," तो म्हणाला.

"काम नाही केलं," एतुआले म्हणाला. "हातात हत्यार नव्हतं. मी आडवा पडलो होतो. रविवारी सगळं गाव आडवं पडतं."

"गाडीखाली?"

"जिथे सावली मिळेल तिथे."

यावर अर्धा तास वाद चालला. एक म्हातारे मताई म्हणाले, आडवं पडणं हे काम असेल तर मी जन्मभर राबतोय. दुसरे म्हणाले, प्रश्न आडवं पडण्याचा नाही, प्रवचनातून उठण्याचा आहे. एतुआलेने संधी साधून चिरेचं सगळं समजावून सांगितलं. नवा फुगा ऑकलंडहून यायला महिना लागेल, तोवर डिकीत वजन कमी ठेवलं की गाडी बसणार नाही.

सालेगाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे गाव पाळकांना फार देतं म्हणून गाडी बसते? दोष फुग्याचा नाही, आमच्या डुकरांचा?"

"दोष चिरेचा आहे. पण डुक्कर नसेल तर चीर गप्प बसते."

"सहा आठवडे गाडी दुरुस्त होईना म्हणून आता आमच्या दानाला नावं ठेवतो," सालेगा सभेला म्हणाला. झुपका इकडच्या खांद्यावरून तिकडे गेला. निकाल लागला तो असा: प्रवचनातून उठल्याबद्दल डबाबंद मासळीची दोन मोठी खोकी दंड. आणि दंड पुढच्या रविवारी, थोरल्या पाळकांसमोर, पाळकांना द्यायचा, म्हणजे गावात शिस्त आहे हे त्यांनाही दिसेल. गाडीबद्दलची अट कायम.

एतुआले घरी आला तो बाकावर बसूनच राहिला. मोएलागीने समोर ताट ठेवलं.

"दंडाचं मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली.

"दंडाचं नाही गं. पाच खोकी दिली असती. मी खोटं बोलतोय असं वाटतं त्यांना. सतरा वर्षं त्या फुग्यांखाली झोपलो मी."

"जेव आधी. मग सांग, ती तुझी चीर किती वजन सोसते."

बाई हुशार. दुसऱ्या दिवशी दोघांनी गाडी झाडाखाली घेतली आणि डिकीत तारोची पोती ठेवत गेली. चार ठेवली, खराट्याची काडी थोडी खाली. पाच, अजून थोडी. सहाव्या पोत्याला गाडी दबली, पण आवाज नाही. सातवं ठेवलं आणि बघता बघता बूड जमिनीला. सहा पोती म्हणजे हद्द.

"सहा पोत्यांवर एक पुरचुंडी नको," एतुआलेने बजावलं.

"बायांना मी बघते. कोणाचं जेवण गाडीतून जाणार याच्या आम्ही चिठ्ठ्या टाकू. बाकीचं पोरांच्या खांद्यावरून. चिठ्ठीत नाव आलं नाही तर देवाची इच्छा, भांडण नाही."

थोरल्या पाळकांचा रविवार उजाडला. एतुआलेने पहाटे काडी लावून फट मोजली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, ती देवाची कमी आणि फुग्याची जास्त. गाडी थोरल्या पाळकांना घेऊन शंभर पावलं आली. प्रार्थना झाली, छपराला आशीर्वाद झाला. एतुआले जागचा हलला नाही, कान मात्र खिडकीतच. आवाज नाही. सगळे बाहेर आले, आणि गाडी उभी. दबलेली, पण उभी. मोएलागीने दुरून भुवई उडवली. डिकीत बरोबर सहा पोत्यांचा भार, ना कमी ना जास्त. एतुआलेला सहा आठवड्यांनी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

आणि सालेगाने गळा साफ केला.

सालेगा एकदा बोलायला लागला की मध्ये जेवणसुद्धा थंड होतं. त्याने गावाची शिस्त सांगितली, पूर्वजांची सांगितली, मग एतुआलेचा अपराध सांगितला. एतुआले खाली मान घालून दोन खोकी घेऊन पुढे आला.

"गाडीत ठेव," सालेगा म्हणाला.

"सालेगा, गाडीत नको. मी खांद्यावरून पोचवतो."

"गावचा दंड चोरासारखा खांद्यावरून? थोरले पाळक बघतायत."

"भार पुरा झालाय. हात जोडतो."

"पुन्हा तेच," सालेगा म्हणाला, आणि एतुआलेच्या हातातून खोकी ओढून घेऊन त्याने स्वतः डिकीत ठेवली. पहिलं, त्यावर दुसरं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तो बारीक उसासा आला. थोरल्या पाळकांनी मान वळवली. गाडीचं बूड सावकाश, अगदी निवांत, खाली खाली जात गवतात टेकलं. तीनशे माणसं बघत होती, आणि मधोमध सालेगा, दोन्ही हात अजून खोक्यांवर.

"हे काय झालं?" थोरल्या पाळकांनी विचारलं.

फालेतोआच्या इतिहासात पहिल्यांदा सालेगाला शब्द सुचला नाही. उत्तर मोएलागीने दिलं. "काही नाही. खोकी काढली की उठेल."

सालेगाने एतुआलेकडे पाहिलं. "काढ," तो हळूच म्हणाला.

"मी नाही हात लावणार," एतुआले म्हणाला. "आज रविवार आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग बाया हसल्या, मग सगळं गाव. सालेगाने कोटाच्या बाह्या वर सारल्या, एक खोकं काढलं, दुसरं काढलं, दोन्ही छातीशी धरून उभा राहिला. पाळक इओसेफोंनी किल्ली फिरवली. कॉम्प्रेसर घुमायला लागला, आणि गाडी मागून बोट बोट वर येत होती तशी एतुआलेला ती अंधुक दिसायला लागली, कारण त्याचे डोळे भरून आले होते. थोरले पाळक पुढच्या सीटवर बसले, गाडी निघाली, आणि एकाही दगडाला न घासता घरी गेली.

दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं होतं. एतुआले झाडाखालच्या बाकावर पडला होता, तेव्हा सालेगा आला. दोन्ही खोकी स्वतःच्या खांद्यावर. ती बाकाजवळ ठेवून तो घाम पुसत उभा राहिला.

"सभेने दंड परत केला," तो म्हणाला. सभा भरलीच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

"बसा ना," एतुआलेने सरकून जागा केली.

सालेगा बसला. एरवी दोन तास बोलणारा माणूस, त्याला चार शब्द जुळवायला घाम फुटला.

"बंदरावरच्या गॅरेजवाल्याला माझ्या पिकअपचं काही कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "उद्या आणू का?"

"आणा," एतुआले म्हणाला. "पण फणस पडून पोचा आला तर बोलायचं नाही."